माणिकदादांच्या दोन वाघरी

कॉम्प्युटरवर एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या, म्हणून त्यातली जुनी मी पुसून टाकली. कोर्सचं सर्टिफिकेट नवंकोरं आणि डोक्यात मेंदूच्या जागी केरसुणी! नात मला हुशार समजते. तिला हे सांगितलेलं नाही.

भिंतींवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा ताज्या होत्या, तेव्हाची गोष्ट. परभणीतल्या माती तपासायच्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले, तिथला कॉम्प्युटर माणिकदादांच्या ताब्यात होता. राणीसावरगावचे, मेंढपाळाघरचे. खोलीची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. साहेब आले तरी चपला बाहेर.

आमच्याकडे दोन प्रोग्रॅम होते. एक मातीचा अहवाल छापायचा, दुसरा खताची मात्रा काढायचा. दोन्हींना एकाच नावाची लायब्ररी लागे, म्हणजे एका फाइलीत बांधलेली तयार कामांची गठडी. पण एकाला जुनी, एकाला नवी. अदलाबदल झाली की प्रोग्रॅम आडवा. म्हणून दादांनी प्रत्येकाला त्याच्या लायब्ररीसकट वेगळ्या कप्प्यात ठेवलं होतं. कप्प्याला ते वाघर म्हणत. मेंढरं कोंडायची जाळी ती. "दोन एडके एका वाघरीत घालून बघा ताई," ते म्हणायचे, "सकाळी नुसती शिंगं सापडतील."

मला तो अडाणीपणा वाटे. एका दुपारी दादा मला खोलीत बसवून जेवायला गेले आणि मी ती जुनी फाइल पुसून कॉम्प्युटरवरची जागा वाचवली.

दुसऱ्या दिवशी अहवाल छापेना. मूळ फ्लॉपीला बुरशी लागलेली. पेरणी तोंडावर आलेली, पेडगावचे शेतकरी व्हरांड्यात ताटकळलेले. साहेबांनी सगळ्यांदेखत दादांना झापलं, की हा दोन-दोन ठेवायचा घोळ तुमचाच. दादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डवरची धूळ पुसत राहिले, धूळ नव्हतीच.

दादा एसटीनं औरंगाबादला जाऊन जुनी लायब्ररी घेऊन आले, अहवाल निघाले. पण साहेबांनी किल्ली माझ्या हाती दिली आणि दादांना मातीच्या पिशव्या उतरवून घ्यायला बसवलं. मी किल्ली घेतली. वर "नीट सांभाळीन" असंही म्हणाले.

पुढं लग्न ठरलं, नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी पिशव्यांच्या ढिगापाशी जाऊन सांगितलं, की फाइल मीच पुसली होती, साहेबांची भीती वाटली. दादांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"त्याच दिवशी कळलं होतं, ताई. साहेबाला भ्यालात, त्याचं काय न्हाई. मी बी भेतो. पण तुमी मला बी भ्यालात, ते लय लागलं."