शुक्रवारपर्यंत थांबू

आधीच सांगून ठेवते, या गोष्टीत मी कुणाची गय करणार नाही. पाक मुजियोची तर नाहीच नाही.

त्याची बायको मबाक तुमिराह आणि मी, आम्ही बावीस वर्षं एकाच चुलीभोवती बसून बाटिकच्या कापडावर गरम मेणाच्या रेघा ओढल्या. वयानं थोरली, म्हणून मी तिला मबाक म्हणते, आणि तिच्या नवऱ्याला मानानं पाक. रेघ केसाएवढी, आणि मेण चुकून सांडलं की कापड गेलंच. तिथे तिचा हात कधी अडला नाही. पण चुलीपुढून उठली की संपलं! बाजारात टोफू घ्यायचा की सोयाबीनची तेंपेची वडी, तर "तू म्हणशील ते, नेम." नेम म्हणजे मी. घरातलं काहीही असो, "पाकना विचारते."

आणि पाक म्हणजे? माणूस वाईट नाही, हीच तर खरी कटकट. कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. पण काही ठरवायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. मग वार घ्यायचा, आमच्या पाच दिवसांच्या बाजारचक्रातला पाहिंगसारखा दिवस घ्यायचा, दोन्हींचे आकडे बोटांवर जुळवायचे आणि म्हणायचं, "आज नको, योग नाही." लग्नाला, घर बांधायला आम्ही सगळेच दिवस बघतो हो. हा मेला फुटकी कौलं बदलायला बघायचा! सात महिने छप्पर गळत होतं आणि ती मुकाट्यानं खाली घमेली सरकवत होती.

त्या सोमवारी मबाक कामावर आली तीच डावा डोळा दाबत. डोळा लालभडक. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात म्हणाली. दुपारी भडाभडा ओकली.

"अगं, डॉक्टरकडे जा!"

"बघते. पाकना विचारते."

मंगळवारी ती आलीच नाही, म्हणून मी घरी गेले. पाकनं ओसरीत चटई टाकली, गोड चहा आणला. आमच्याकडे यजमान 'घ्या' म्हणेपर्यंत कुणी पेल्याला हात लावत नाही, आणि दुसऱ्याच्या घरात तोंड घालणं तर त्याहून वाईट. त्यानं बोटं मोजली. "शुक्रवार पाहिंगचा आहे. उत्तम दिवस. शुक्रवारपर्यंत थांबू." आत ती कण्हत होती. मी "बरं" म्हणाले, चहा संपवला आणि घरी आले. बुधवारीही तेच.

गुरुवारी मी थेट आतच घुसले. तिचा उजवा डोळा तळव्यानं झाकला आणि समोर बोटं धरली.

"किती?"

"काय किती?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. तिला हाताला धरून उठवलं.

"अहो, उद्या तर जाणारच होतो..." पाक दारात आडवा आला.

"खड्ड्यात गेला तुमचा उद्या! व्हा बाजूला!"

तिला स्कूटरवर मागे बसवून मी शहरातलं इस्पितळ गाठलं. पाक मागून त्याच्या मोटारसायकलवर आला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, किती दुखतंय? तर आमची बाई म्हणते, "थोडंसंच."

"खोटं बोलतेय!" मी ओरडले. "चार दिवस लोळतेय!"

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं: डाव्या डोळ्यातला दाब फार चढलाय, त्याची नजर गेली, आता यायची नाही. पहिल्या दिवशी आला असतात तर डोळा वाचला असता. उजव्याची घडण तशीच, त्यालाही कधीही हेच होईल. आजच लेसर करून घ्या, दहा मिनिटांचं काम.

पाकनं कपाळ पुसलं. "दोन दिवस द्या, बाई. घरी जाऊन नीट विचार..."

मी तोंड उघडलं, पण त्याआधीच मबाक म्हणाली, "नाही."

हा शब्द आमच्याकडे कुणी कुणाच्या तोंडावर म्हणत नाही. तो टाळायला आमच्यापाशी शंभर गोड शब्द आहेत. बावीस वर्षांत तिच्या तोंडून मी तो एकदाही ऐकला नव्हता.

"नाही म्हणजे?" पाक चाचरला.

"नाही म्हणजे नाही. आज. आत्ता. डावा डोळा तुमच्या शुक्रवारनं खाल्ला. उजवा मी देणार नाही." तिनं संमतीचा कागद नाकाशी धरला आणि सही केली. पाक दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

मला तर वाटलं, बरी जिरली! तसं बोललेही. "छान सुनावलंस, मबाक. कधीच सुनावायला हवं होतंस."

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"आणि तू गं, नेम? मंगळवारी आलीस, बुधवारी आलीस. ओसरीत बसून चहा प्यालीस. मी आतून तुझा आवाज ऐकत होते. म्हटलं, आता बोलेल, आता बोलेल."

नर्स तिला आत घेऊन गेली. बाहेर एकच बाक होता. मी पाकच्या शेजारी जाऊन बसले.