सनईसाठी सोन्याची टोपी

"मूळ शाबूत आहे. हा दात काढायचा नाही," बार्शीचे दातांचे डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या मालकांनी कितीतरी दिवसांनी मान वर केली.

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. आम्ही परंड्याचे. हे सनई वाजवायचे. सकाळी महादेवाच्या देवळात आणि लग्नसराईत गावोगाव. भूमच्या एका वरातीत घोड्यानं मान झटकली, ती नेमकी वाजत्या सनईवर आदळली. वरचा पुढचा दात अर्धा तुटला. तुटकी कड ओठाला कापायची, आणि सनई तर तिच्या तोंडाची पत्ती ओठात धरूनच वाजते.

गावातला दात उपटणारा म्हणाला, "काढून टाका, मोकळे व्हाल." पण तिथं फट पडली तर ओठाला आधार राहणार नाही, फुंक निसटणार, हे यांना ठाऊक होतं. यांनी सनई धाकट्या भावाच्या हातात दिली. "आता तूच वाजव. मला न्हाय जमायचं," एवढंच बोलले.

महिनाभर मी यांना ज्वारीची आंबील करून देत होते. लग्न झाल्यापासून भल्या सकाळच्या त्या आवाजावर मी कुरकुरायचे. आता तो नव्हता, तर घर खायला उठायचं. शेवटी मीच हट्ट धरला आणि मोटारीनं यांना सरहद्दीपलीकडं, इंग्रजांच्या मुलखातल्या बार्शीला घेऊन गेले.

डॉक्टरांनी घाई न करता समजावलं. आधी 'रूट कॅनाल', म्हणजे दाताच्या मुळातली दुखरी नस काढून ती पोकळी भरायची. मग 'क्राऊन', म्हणजे उरलेला दात घासून त्यावर टोपी बसवायची. टोपी सोन्याची. मी तिथंच उजव्या कानातली बुगडी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"अगं, लोक हसतील," हे म्हणाले.

"हसू द्या. तुम्ही वाजवा."

चार खेपा झाल्या. डॉक्टरांचं दात कोरायचं यंत्र शिवणाच्या मशीनसारखं पायानं चालायचं. त्याची घरघर सुरू झाली की हे माझं मनगट घट्ट धरायचे. पण सुई देऊन हिरडी बधिर केल्यावर दुखत नाही, हे घाबरलेल्यांसाठी मुद्दाम सांगते. खरा त्रास बाकावर बसून वाट बघण्याचा. तिसऱ्या खेपेला दाताचा ठसा घेतला आणि सांगितलं, "पुढच्या वेळी सनई आणा."

चौथ्या खेपेला धाकट्या भावाकडून सनई मागून नेली. डॉक्टरांनी टोपी नुसती बसवली, पक्की केली नाही. डॉक्टर म्हणाले, "वाजवा."

पहिली फुंक फुसकी गेली.

"कुठं अडतंय?"

"खालच्या कडेला, साहेब. ओठ सरकतोय."

त्यांनी टोपी काढली, कड घासली, परत बसवली. असं तीनदा झालं. हे घामानं भिजले. मला वाटलं, आता डॉक्टर कंटाळणार. ते म्हणाले, "तुम्हाला वेळ आहे ना? मला आहे." चौथ्यांदा सूर लागला. बाहेर गाल धरून बसलेले पेशंट दाराशी येऊन उभे राहिले. डॉक्टर हातातली कानस तशीच धरून ऐकत होते. मग हलकेच म्हणाले, "आता सिमेंट लावतो."

परतताना सरहद्दीवर करोडगिरीचा नाका लागला. तिथं जकातीसाठी सामान तपासायचे. कारकुनाची नजर माझ्या कानांवर गेली.

"एकच कान रिकामा कैसा, बाई? बुगडी किधर गई?"

मी यांच्या तोंडाकडं बोट दाखवलं. यांनी आ केला. तो वाकून बघत राहिला आणि पोट धरून हसला. "हौ, ये तो घर का माल घर में हैच. जाव."

दुसऱ्या दिवशी देवळात धाकट्या भावानं सनई पुन्हा यांच्याच हातात दिली आणि स्वतः मागं सूर धरून बसला. यांची फुंक दोनदा चुकली. तिसऱ्यांदा सनई बोलली. मी पायरीवर बसले होते. पदर तोंडाला लावून तशीच बसून राहिले.

दात तुटला की जो तो काढून टाका म्हणतो. तुम्ही आधी विचारा, मूळ शाबूत आहे का?

अजूनही सकाळी हे वाजवायला लागले की मी चूल पेटवायची थांबते. त्या डॉक्टरांना मनातल्या मनात हात जोडते, आणि मग लाकडं आत सारते.