पातळ तळाचे बूट

नवे बूट मी पहिल्या दिवशी उलटे घातले. डावा उजव्यात, उजवा डाव्यात. त्यांना ना नाडी, ना टाच, ना धड आकार. कापडाच्या दोन पिशव्या आणि खाली भाकरीएवढा पातळ रबराचा तळ, बस्स. तसाच मोटारसायकलवरून तालुक्याच्या गावी गेलो, औषधाच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभा राहिलो आणि बोटं का आखडली म्हणून संध्याकाळी मालकाकडेच गोळी मागितली. मालक खाली बघून म्हणाला, "गोळी नको. पायांची अदलाबदल करा."

हे बूट मुलीने पुण्याहून पाठवले होते. उभं राहून राहून माझी टाच धरली होती. मुलगी फोनवर म्हणाली, "अनवाणी चालल्यासारखं वाटतं बाबा. पायाला जमीन कळते." ते मात्र खरं निघालं. दुकानाच्या फरशीची फट कळायला लागली, एसटी स्टँडवरची शेंगांची टरफलं कळायला लागली, गाडीच्या ब्रेकचे दातेसुद्धा मोजता येऊ लागले. टाचेचं दुखणंही कमी झालं. मग मी ते दुकानात, बाजारात, वावरात सगळीकडे घालू लागलो. फक्त गावातून जाताना तोंड लपवावंसं वाटायचं.

कारण चहाच्या टपरीवर माझा चुलतभाऊ बसलेला असायचा. माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. अजूनही म्हणतो. जिभेला लागलेली सवय रागाने सुटत नाही.

"काय रं, पायाला फडकी गुंडाळली व्हय?"

"बूट आहेत, दादा."

"ह्याला बूट म्हनत्यात? आरं, अनवानी हिंडायचं तर फुकाट हिंड की! त्ये बी इकत घ्यावं लागतंय का तुला?"

टपरी हसली. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याचाच आता सगळ्यात जास्त संताप येतो. कारण हा माणूस माझ्या पायांना हसत होता आणि त्याच वेळी माझ्या पायाखालची वाट खात होता.

आमचं वावर रस्त्याला लागून नाही. रस्त्याला लागून त्याचं, मागे आमचं. वाटणीच्या वेळी माझ्या वडलांनी आणि त्याच्या वडलांनी मिळून, आमच्या वावरापासून रस्त्यापर्यंत एक गाडी जाईल एवढी पट्टी आमच्याकडे ठेवली होती आणि तिच्या कडेला, रस्ता आणि आमचं वावर यांच्या मधोमध, एक घडीव दगड पुरला होता. पुढे दोघंही गेले. मग दादाचा नांगर दर हंगामाला एकेक तास आमच्या पट्टीत सरकायला लागला. एक तास म्हणजे नांगराची एक रेघ, वीतभर. वीतभरासाठी कोण भांडतं? मी तर नाही भांडलो. मी दुकानात लोकांना खोकल्याची औषधं देत होतो. वीतभर-वीतभर करता पट्टी एवढी उरली की कांद्याचा टेम्पो आत येईना.

मग दोन हंगाम माझ्या बायकोने कांद्याच्या गोण्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणल्या. मजूर लावले तरी तेवढे पुरले नाहीत. मी रविवारी मदत करायचो, आणि एका गोणीनंतर माझी टाच धरायची. तिची मान धरली होती, पण तिच्यासाठी कोणी पुण्याहून काही पाठवलं नाही. मानेसाठी तसलं काही मिळत नसावं.

यंदा तर कहर झाला. दादाने पट्टी सगळी नांगरून टाकली. आता सरी पाडून ऊस लावणार, असं तोच सांगत फिरू लागला. एकदा ऊस उभा राहिला की टेम्पो सोडाच, माणूसही आत जायचा नाही. मी टपरीवर गेलो आणि चार लोकांसमोर बोललो. माझ्या मानाने बरंच मोठ्याने बोललो.

दादाने बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "हद्दीचा दगड म्हन्तोस नव्हं? दगड दाखव, वाट घे. ह्या चार मान्सांम्होरं सांगतो."

त्याला माहीत होतं, दगड नांगरटीत कधीच गाडला गेलाय. मी मागे टिकाव घेऊन शोधलाही होता. चुकीच्या जागी खणून खणून मी आमच्याच पट्टीची चाळण केली होती.

त्यानंतरच्या रविवारी मी कांद्याला शेवटचं पाणी सोडून त्या नांगरलेल्या पट्टीतून परत येत होतो. ढेकळं पायाखाली फुटत होती, मुरमाचे खडे तळव्याला टोचत होते. एका जागी पाय पडला आणि काही टोचलंच नाही. सपाट. मागे सरकलो, पुन्हा पाय ठेवला. सपाट, आणि बोटांच्या टोकाशी सरळ कड. देवाने केलेल्या दगडाला अशी कड नसते. मी खाली बसलो, खुरप्याने माती सारली. घडीव दगड, आणि माथ्यावर छिन्नीने मारलेली फुली. लहानपणी वडलांबरोबर आलो की मी ह्याच दगडावर बसून शेंगा खायचो.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? तिथेच बसून राहिला असता. पोलीस पाटलांना फोन केला असता. मी काय केलं? पलीकडे विहिरीच्या मोटारीपाशी दादा उभा होता. त्याला हाक मारली. "दादा, ये! दगड सापडला!"  मूर्खाला आनंद पोटात ठेवता येत नाही.

दादा आला, टोपी मागे सारून दगड बघितला. "सापडला की! ब्येस झालं. सकाळी पोलीस पाटलाला नि चार मान्सांना घेऊन ये. त्यांच्या म्होरं वाट सोडतो. आत्ता मोटार चालू हाय, लाईट जाईल." वर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बूट कामाला आलं म्हनायचं!"

मी घरी नाचतच आलो. बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "फोटू काढला?"

फोटो काढला होता. मातीने माखलेल्या बुटांचा. मुलीला पाठवायला. दगड त्यात नव्हता.

तिने तव्यावरची भाकरी उलटली.  

सकाळी पोलीस पाटील आणि गावातली दोन जुनी माणसं घेऊन मी गेलो. पट्टीत दगड नव्हता. खड्डाही नव्हता. त्या जागेवरून नांगर फिरलेला आणि वर पाणी सोडलेलं, घोटाभर चिखल. पट्टीच्या पार टोकाला, आमच्या वावराला लागून, दादाची विहीर आहे. तिच्या शेजारच्या लिंबाखालून अगरबत्तीचा वास येत होता. आम्ही चौघं चिखल तुडवत तिथपर्यंत गेलो. लिंबाखाली माझा दगड उभा होता. शेंदूर फासलेला, इतका की फुलीची रेघही दिसू नये. पुढे नारळ, हळदकुंकू, केळीचं पान. आणि दादा, आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून, हात जोडून.

"म्हसोबा सपनात आला," दादा म्हणाला. "म्हनला, तुझ्या वावरात मला पायाखाली तुडवत्यात. भाईर काढ." मग माझ्या बुटांकडे बोट करून म्हणाला, "ह्यानंच तुडवला. त्येच बूट. काढ आदी, देवाम्होरं हायीस."

आणि ऐका, त्या दोन्ही म्हाताऱ्यांनी चपला काढल्या. पोलीस पाटलांनी काढल्या. मीही बूट काढले. मी! नुसते काढले नाहीत, हात जोडून वाकलो. लहानपणापासून शेंदूर दिसला की पाठीचा कणा आपोआप वाकतो, त्याला मालकाची परवानगी लागत नाही. ज्या दगडावर बसून मी शेंगा खाल्ल्या, त्याच्या पाया पडून उठलो तेव्हा दादा माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत होता.

"अहो, हा हद्दीचा दगड आहे! शेंदूर खरवडा, खाली फुली आहे!" मी ओरडलो.

पोलीस पाटलांनी मान हलवली. "आसंल बी. पन आता त्याला हात कोन लावनार? तू लावतोस का?"

मी लावला नाही. एक म्हातारा म्हणाला, "भावाभावात देव आला, चांगलंच झालं की." मला त्या म्हाताऱ्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. देव आला नव्हता हो. पहाटे पहारीने उचकटून, ट्रॉलीत घालून आणला होता. चाकांचे वण लिंबापर्यंत उमटले होते. सगळ्यांना दिसत होते. सगळे त्या वणांवरून चालत परत गेले.

घरी आलो तो राग घेऊनच. दादाचा राग, म्हाताऱ्यांचा राग, पोलीस पाटलांचा राग, आणि सगळ्यांच्या वर स्वतःच्या कण्याचा राग. ते बूट मी अंगणात भिरकावले. मोजणी आणतो म्हणालो, कोर्टात जातो म्हणालो, शेंदूर रॉकेलने धुतो म्हणालो. आयुष्यात जेवढ्या शिव्या ऐकल्या होत्या तेवढ्या दिल्या, आणि त्या सगळ्या घरात दिल्या, जिथे दादा नव्हता.

बायको ओट्यावर बसून मान चोळत होती. माझं संपेपर्यंत थांबली.

"म्हंजी म्हसोबा लिंबाखाली बसवला? इहिरीपाशी?"

"हो!"

"पाटलानं बी नारळ खाल्ला?"

"खाल्ला! मीसुद्धा खाल्ला!"

"मग वरडता कशाला? देव झाला म्हंजी गावाचा झाला. देवाला वाट लागती, ती आपल्या पट्टीतनंच, त्यात ऊस लावला तर गावच दादांना सोडनार न्हाई. येत्या आवसंला निवद घेऊन जायचाय. गावातल्या बाया घेते, टेम्पो सांगा मोठा. जाताना बाया बसतील, येताना कांदं भरू. दादांना म्हनावं, वाट नीट सपाट करून ठेवा, देवाचं काम हाय."