नरडाण्याचा न सापडलेला मामा

यावलच्या पोलीस ठाण्यातली ती उन्हाळी सकाळ अजून मनात ताजी आहे. खिडकीतून केळीबागांचा ओलसर, हिरवा गंध येत होता आणि ठाणे अंमलदारासमोर एक अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. तक्रार अशी, की नातीच्या सुट्टीतील शिबिरात आलेल्या नव्या क्रीडाशिक्षकाला मामाच नाही.

"मामा नसणं हा कोणत्या कलमाखाली गुन्हा, अक्का?" अंमलदाराने गंभीर चेहऱ्याने विचारले. हशा पिकला. ठाण्याची प्रभारी अधिकारी म्हणून मी त्यांना आत बोलावले.

आमच्या खानदेशात पाण्याचा तांब्या पुढे करताना पाहुण्याचे गाव विचारतात आणि पाणी पिऊन होईपर्यंत त्याचे आजोळ. शिक्षकाने आजोळ नरडाणे सांगितले आणि तेच अक्कांचे माहेर निघाले.

"मी त्याले इचारं, तू कोना भाचा? बठ्ठं गाव मन्हा वळखीनं शे. तो हासना नि निंघी गया. आजोळ कोनी इसरस का, बाई?"

दोन दिवसांनी मुले त्याच्यासोबत सातपुड्याच्या पायथ्याशी मुक्कामी जाणार होती. लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची राष्ट्रीय नोंदणी तेव्हा नुकतीच पोलिसांच्या हाती आली होती. त्याने दिलेले नाव तीत नव्हते. पण नावच खोटे असेल, तर संगणकाने तरी काय सांगावे?

मी त्याला चौकशीला बोलावले. धमकावले नाही. कुलरमधल्या वाळ्याच्या थंड वासात, चहा पाजून, मामाचे नाव, मामीचे माहेर, घराची दिशा असे सोयरीक जुळवताना विचारावेत तसे प्रश्न विचारत गेले. नरडाण्याचे पोलीस पाटील फोनवर एकेक उत्तर खोडत होते. तिसऱ्या मामालाही त्यांनी नकार दिला, तेव्हा कपाळ पुसत तो म्हणाला, "मी इकडचा नाही."

त्याचे ओळखपत्र बनावट निघाले. त्या गुन्ह्यात अटक करून बोटांचे ठसे घेतले आणि नोंदणीत ते जुळले. शेजारच्या राज्यात बालकावरील अत्याचाराची शिक्षा भोगून तो नाव बदलून आला होता.

शिबिर मोडले नाही. नव्या शिक्षिकेबरोबर मुले सातपुड्यात जाऊन आली. चेहरे रापलेले, आवाज बसलेले, खिशांत रानातल्या बिया.

कायद्याने देशाला स्मरणशक्ती दिली, हे मोठेच काम झाले. पण ती आपणहून बोलत नाही. कोणीतरी चिकाटीने विचारावे लागते. माझ्या सेवेत अशा प्रकरणांच्या फायली मुलांच्या अडखळत्या जबाबांनी सुरू होत. ही एकच अशी, जिच्यात एकाही मुलाचा जबाब नाही.