जाळीखालची अकरा अंडी

शेजारच्या अक्कांनी मला त्या वर्षी सावरलं, हे आधी सांगते. काय झालं ते मागाहून.

अक्का विणकरांच्या घरातल्या, बोलणं निम्मं तेलुगू, निम्मं मराठी. सूप मांडीवर घेऊन दिवसभर दारात विड्या वळायच्या. शाळेची पायरी त्यांनी कधी चढलेली नव्हती. मी सातवीतून सुटले आणि लग्न होऊन करमाळ्याकडच्या खेड्यातून सोलापुरात आले. एसटीनं अर्ध्या दिवसाची वाट, पण मला माहेर आभाळापलीकडं गेल्यासारखं वाटायचं.

आमचे हे यंत्रमागावर कामाला. मालकांनी घरातला जुना रेडिओ यांना दिला. यांनी तो फळीवर ठेवला आणि त्याची एरियल, तांब्याची लांबट जाळी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणली. ती नेमकी आमच्या बाजेवर आली. बटण फिरवलं की काच पिवळी उजळायची. आधी नुसती घरघर, मग त्या घरघरीतून कुठल्या तरी लांबच्या गावची बाई हळूच गायला लागायची. मी पडल्या पडल्या वर बघायचे. हवेत कुणीतरी मागावरच्या उभ्या धाग्यांसारखा ताणा लावलाय, दिसू नये इतका बारीक, आणि त्याचे धागे पत्र्यातून, भिंतीतून, माझ्यातून आरपार चाललेत, असं वाटत राहायचं. छान वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग पाचव्या महिन्यात माझं पहिलं पोर पोटातच गेलं.

वर्षाच्या आत पुन्हा दिवस राहिले. नळावर एक बाई सहज बोलून गेली, "त्या जाळीत लहरी उतरतात म्हणं. तिच्याखाली निजतीस आन् पोर टिकंल म्हणतीस व्हय?" घागर तिथंच ठेवून मी घरी आले. त्या दिवसापासून हे कामावर गेले की मी स्टुलावर चढून जाळी काढायचे, गुंडाळून ज्वारीच्या पत्र्याच्या डब्यात घालायचे आणि झाकण गच्च दाबायचे. संध्याकाळी पुन्हा टांगायचे. तार नीट बसायची नाही, रेडिओ खरखरायचा. यांनी तो दोनदा दुरुस्तीला नेला. तिथं तो खणखणीत वाजायचा. "माझ्यासारखाच हाय," हे हसायचे, "बाहेर बोलतोय, घरात मुका."

एका दुपारी अक्कांनी मला स्टुलावर पाहिलं. पोटुशी बाई स्टुलावर चढते म्हणून आधी भरपूर शिव्या दिल्या. मग मी रडत सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. नळावरच्या बाईला नावंही ठेवली नाहीत. जाळीकडं बघून म्हणाल्या, मला काय ठाऊक, विचारून बघू की.

दुसऱ्या दिवशी काखेत अंड्यांवर बसायला आलेली खुडूक कोंबडी घेऊन आल्या. दुरडीत राख, वर भुसकट, त्यावर कोळशाची रेघ ओढलेली अकरा अंडी. दुरडी बरोबर जाळीखाली ठेवली आणि मला बजावलं, जाळी काढायची नाही, रेडिओ बंद ठेवायचा नाही. यांना सांगितलं, उंदरांच्या भीतीनं कोंबडी इथं ठेवलीय.

ते एकवीस दिवस मी कसे काढले, मलाच माहीत. माझी बाज अक्कांच्या ओसरीवर गेली. लांबून मागांचा खटखटाट यायचा, आतून गाणं यायचं, आणि पत्र्याच्या भोकातून पडलेला उन्हाचा कवडसा दुपारभर कोंबडीच्या पाठीवरून सरकत जायचा. ती डोळे अर्धे मिटून बसलेली असायची. बातम्या लागल्या तरी हलायची नाही. मी उंबऱ्यातून तिच्याकडं बघत बसायचे आणि कधी कधी मला कळेनासं व्हायचं, की आत ती बसलीय का मी.

एकविसाव्या दिवशी अंड्यांना आतून टोच्या पडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नऊ पिल्लं बाहेर आली. दोन अंडी तशीच राहिली.

मला ती नऊ दिसलीच नाहीत. दोन गार अंडी हातात घेऊन मी उभी राहिले. ही लहरींनीच गेली, म्हटलं.

अक्कांनी हाताला धरून मला त्यांच्या मागच्या अंगणात नेलं. पाटी उलटी टाकली होती, ती उचलली. माझ्याकडं दुरडी ठेवली त्याच दिवशी त्यांनी इथं दुसरी कोंबडी बसवली होती, मला न सांगता. अंडी तितकीच, अकरा.

"मोज," म्हणाल्या.

मी मोजली. आठ पिल्लं.

"माज्याकडं कुटं हाय गं रेडिओ? हितली तीन कुनी नेली?"

 अक्का खाली बसून पिल्लांपुढं कण्या टाकत राहिल्या. त्या रात्री बाज परत घरी, जाळीखाली आली आणि मी तिच्यावर झोपले. भीती गेली असं नाही. पण झोप लागली.

लहरींचं खरं-खोटं मला आजही माहीत नाही. शिकलेल्यांनी सांगावं. पोटुशी असतानाही तंबाखूच्या उडत्या खकाण्यात बसून मीही अक्कांसोबत विड्या वळत होते, त्याला मात्र कुणी नावं ठेवली नव्हती, हे आता मनात येतं. सातव्या महिन्यात मी माहेरी गेले आणि तिथं दिवस भरल्यावर मुलगी झाली. यंदा ती पहिलीत आहे.

अक्का लेकीकडं आंध्रात राहायला गेल्या. आता त्यांना कमी दिसतंय, असा निरोप आलाय. एवढ्या लांब एकटीनं जायची मला भीती वाटते, गाडी कुठं बदलायची तेही ठाऊक नाही. पण जाणार. त्यांना इकडं आणून, चांगल्या डॉक्टरला दाखवून, दिसायला लागेपर्यंत मी त्यांचा हात धरून हिंडवणार आहे. हे मी लिहून ठेवते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.