भिंतीवरचा कागद

परवा मुलीने तिच्या संगणकाच्या आत दुसरा एक संगणक उभा केला. तो खरा नसतो म्हणे, नुसता खऱ्यासारखा वागतो. त्याला जोडलेली डिस्कही खोटीच, आणि ती केवढी ठेवायची हे आपण आधीच सांगायचं. लहान सांगितली तर काम अर्ध्यात असताना भरून जाते. हे सगळं ती मला बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं सांगत होती. मी म्हटलं, "बाई, मला शिकवू नकोस. अख्खं वर्ष मी खोट्या यंत्रावर काढलंय, आणि त्याची डिस्क आमच्या आत्याने सारवली होती." तिने माझ्याकडे काळजीने पाहिलं. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे.

मराठी राज्य झालं आणि कचेऱ्यांना मराठी टायपिस्ट हवे झाले, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी अमरावतीला मॅट्रिक झाले होते. टायपिंगची परीक्षा पास झाले तर कचेरीत लागायची आशा होती, नाहीतर बार्शीटाकळीचं एक स्थळ होतंच, ते वडिलांनी कसंबसं थोपवून धरलं होतं. त्या माणसाला बायको नको होती, शेतावर राबायला हात हवे होते. म्हणून मी क्लासला नाव घातलं.

क्लासच्या मास्तरांकडे चार मशिनं होती आणि भिंतीला टेकवून ठेवलेली एक फळी. फळीवर मशीनची सगळी बटणं रंगाने काढलेली. नवीन आलेला आठवडाभर फळीवर बोटं बसवी आणि मग मशीनवर जाई, अशी तिथली रीत होती. माझा आठवडा काही संपेना. माझ्या मागून आलेल्या मुली मशीनवर गेल्या. मी विचारलं तर मास्तर म्हणाले, "तुमच्या लोकांना घाई फार. हात जड आहेत तुझे, स्प्रिंगा तुटतील. घरी एक फळी करून घे." फी मात्र माझीही सगळ्यांइतकीच होती. आम्ही बौद्ध होऊन काही वर्षं झाली होती, पण मास्तरांच्या लेखी आम्ही होतो तेच होतो. त्यांचं ते गोड बोलणं आठवलं की अजूनही दात-ओठ खावेसे वाटतात.

वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांनी तिथून एका खोक्याचं झाकण आणलं. मी त्यावर सरसाने चिंचोके चिकटवले आणि प्रत्येकाशेजारी शाईने अक्षर लिहिलं. यंत्र झालं. पण कागद कुठला? बोट कुठे पडलं हे फळी थोडीच सांगणार?

तिथे आत्या आली. ती वडिलांची विधवा बहीण, आमच्याकडेच राहायची, प्रौढांच्या वर्गात नुकती लिहायला शिकलेली. तिच्या जिभेला सगळी वस्ती टरकून असायची. ती पाटी घेऊन शेजारी बसली. मी ज्या चिंचोक्यावर बोट मारीन ते अक्षर ती पाटीवर लिही. उतारा अर्धाही होत नव्हता तोच पाटी भरली. पाटी पुसली की मागच्या चुका गेल्या.

"हे नाई जमत," आत्या म्हणाली. तिने चुलीसमोरची भिंत पांढऱ्या मातीने सारवली आणि खिळ्याने घरं पाडली. एका ओळीत किती घरं आणि अशा किती ओळी, हे आम्ही परीक्षेच्या कागदावरून ठरवलं होतं. एक ठोका, एक घर. बरोबर आला तर कोळशाची नुसती रेघ, चुकला तर जे बोटाखाली आलं ते अक्षर. ओळ संपायच्या थोडं आधी खऱ्या मशीनची घंटी वाजते. आत्या घंटी वाजवत नसे, माझ्या पाठीत लाटणं मारी. "भिंत आली! उडी मार!"

मी रडले, भांडले. एकदा म्हटलं, "आत्या, एवढी एक चूक सोड ना."

"काहून सोडू वं? तुह्या बोटानं मारलं तेच मी लिहीन. मशीन काय तुही मावशी हाय?"

भिंत पुन्हा सारवेपर्यंत माझ्या चुका तिथेच राहत. भाकरी खायला बसलं की समोर त्याच. विस्तव मागायला आलेल्या बायाही त्या वाचून जात. त्या वर्षी मी मास्तरांचा जेवढा राग केला तेवढाच आत्याचा केला. दोघांनी मिळून माझा जीव घ्यायचं ठरवलंय असं वाटायचं.

परीक्षा अकोल्याला होती आणि मशीन आपलं आपण न्यायचं होतं. मास्तरांनी शेवटच्या आठवड्यात मला मशीन दिलं, तेही घंटी मेलेलं. "घंटीवाचून काय अडतं?" ते म्हणाले. काय अडतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. घंटी नसली की ओळ कधी संपते कळत नाही, शब्दाच्या मध्येच बटणं अडकून बसतात. बसच्या टपावर ते धूड बांधून मी आणि वडील अकोल्याला गेलो.

परीक्षेला बसले आणि पहिल्यांदा दोन्हीकडचे समास आत्याच्या भिंतीइतके लावले. मग सुरू केलं. शेजारच्या मशीनच्या घंट्या वाजत होत्या, माझं मुकं. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी माझी पाठ आपोआप ताठ व्हायची आणि हात मशीनची कागद धरणारी गाडी मागे ढकलायचा. एकही ओळ अडकली नाही.

मी पास झाले. मास्तर चारचौघांत म्हणाले, "पाहिलंत? फळीनेच पास केलं हिला. ती आणून दे इथे, तुमच्याच वस्तीतल्या दोन मुली येणार आहेत."

घरी येऊन सांगितलं. आत्या उठली. तिने फळी पायाखाली धरून मोडली आणि चुलीत घातली. चिंचोके तडतडत होते तोवर ती भाकरी थापत होती. भिंतीकडे एकदा बघून म्हणाली, "आता तू कचेरीत लागशीन. मंग त्या पोरीईचं पाह्य."

मी लागले. काही महिन्यांनी मास्तरांचा निरोप आला. त्यांनी सुताराकडून दोन नव्या फळ्या करून घेतल्या होत्या, अक्षरं काढायला मला बोलावलं होतं. तुला तोंडपाठ आहेत म्हणून, असं वर.

मी कचेरीतून थेट गेले. रंगाचा डबा तयार होता. दोन्ही मुली कोऱ्या फळ्या मांडीवर घेऊन खाली बसल्या होत्या. मी त्यांच्या मांडीवरच्या फळ्या उचलून मास्तरांच्या टेबलावर ठेवल्या आणि त्यांना हाताला धरून मशीनपुढच्या खुर्च्यांवर बसवलं. मास्तर उठले. मी हलले नाही. ते पुन्हा बसले.

धाकटीने भीत भीत एक बटण दाबलं. मी म्हटलं, "जोरात मार."