उपाशी अठ्ठी

स्वतःच्या डोक्याने लिहिलेला माझा पहिला प्रोग्रॅम कोणता, असं कोणी विचारलं की मी सांगतो, पगारपत्रकाचा. हे खरं नाही. पहिला प्रोग्रॅम जुगाराचा होता आणि तो चुकीचा होता.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. पुण्याहून बदली होऊन मी कलकत्त्याला एका सरकारी कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात आलो होतो. घर बेहाल्याला. सासुरवाडी बागबाजारला, म्हणजे शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. बायकोचं घराणं मराठीच, पण तीन पिढ्या तिथलं. सासरे नव्हते. सासूबाई आणि धाकटा मेहुणा, एवढंच घर. सासूबाई मला ‘जावईबापू’ म्हणत आणि मेहुणा बंगाली रिवाजाने ‘जामाईबाबू’. दोघंही हाक मारताना थोडंसं हसत, असा माझा संशय होता.

मेहुणा बावीस वर्षांचा, पदवीधर, बेकार. नक्षलवाद्यांच्या धरपकडीच्या त्या वर्षांत बागबाजारच्या गल्लीत बावीस वर्षांचं असणं हाच गुन्हा होता. पोलिसांची गाडी यायची आणि जाताना त्यात एखादा मुलगा जास्त असायचा. समोरच्या घरातला असाच गेला होता. सासूबाईंचं एकच मागणं होतं, याला कुठेही नोकरी लागू दे, पण या शहरात नको.

तेवढ्यात काठमांडूच्या एका जुगारघराला पत्ते वाटणारी मुलं हवी असल्याचं कळलं. चौरंगीजवळच्या एका हॉटेलात त्यांचा गोरा साहेब परीक्षा घेणार होता. ब्लॅकजॅक वाटता आलं पाहिजे, एवढीच अट.

“त्यात काय,” मी चहा पिता पिता म्हणालो. “कॉम्प्युटरकडून सराव करून घेऊ.”

मी त्या घरात बोललेलं सर्वांत महाग वाक्य हे.

खेळ मला कॉलेज स्ट्रीटच्या फुटपाथवर घेतलेल्या एका पातळ पुस्तकातून कळला होता. पत्त्यांची बेरीज एकविसाच्या जितकी जवळ न्याल तितकं चांगलं, एकवीस ओलांडलं की मेलात. गिऱ्हाइकाला पहिलीच दोन पानं सारखी आली, समजा दोन अठ्ठ्या, तर त्याला ती फोडता येतात. एका हाताचे दोन हात होतात, आणि प्रत्येक अठ्ठीवर आणखी एकेक पान द्यायचं. पुस्तकात एवढंच लिहिलं होतं. ते पान कधी द्यायचं हे लिहिलं नव्हतं, आणि मला ते विचारावंसंही वाटलं नाही. आपण पंगतीत वाढलेली माणसं. दोन पानं मांडली की दोन्हींवर भात पडतो, मग लोक जेवायला लागतात. मी प्रोग्रॅम तसाच लिहिला. पत्ते फुटले की दोन्ही हातांवर ताबडतोब एकेक पान, मग पहिला हात खेळायचा, मग दुसरा.

दुपारच्या सुट्टीत मशीन रिकामं असे. बाहेर आमचेच सहकारी नोकऱ्या खाणाऱ्या यंत्राविरुद्ध घोषणा देत असत, आणि मी प्रोग्रॅमच्या भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा काखेत मारून त्यांच्यातून वाट काढत असे. “चोलबे ना, दादा,” त्यांच्यातला एक माझ्याकडे बघून अगदी मायेने म्हणायचा. मी मान डोलवायचो. माझं खरंच चालत नव्हतं, पण ते मला अजून माहीत नव्हतं.

मशीन पत्ते पिसून त्यांचा क्रम छापायचं, आणि खाली कुठलं पान कुठे पडायला हवं याचा तक्ता. मेहुण्याने त्या क्रमाने जोड लावायचा, डाव वाटायचा आणि तक्त्याशी ताडून बघायचं. ती रुंद भेंडोळी घेऊन मी ऑफिसातून बसला लोंबकळत बागबाजारला जाई आणि तिथून तसाच लोंबकळत बेहाल्याला. घरी पोचेपर्यंत माझ्यातला इंजिनियर गळून पडलेला असे आणि उरलेला जावई नुसता झोपाळलेला. पण पोराचा हात सुरेख बसला. पानं अशी सरकायची की आवाज नाही.

परीक्षेच्या दिवशी मी रजा काढून, बायकोला घेऊन बागबाजारला जाऊन बसलो होतो, शाबासकी घ्यायला. मेहुणा आला, बूट काढले, खाटेवर बसला.

“काय झालं?” बायको म्हणाली.

“पहिल्या अठ्ठीवर पान दिलं. दुसरीवर देत होतो, तर साहेबाने मनगट धरलं. म्हणाला, पहिला हात संपला? मी म्हटलं, नाही. म्हणाला, मग?”

“मग तू काय म्हणालास?” मी विचारलं.

“कॉम्प्युटर असंच सांगतो.”

“हसला?”

“नाही.”

सासूबाई आत जाऊन चहाचं आधण ठेवून आल्या. चहा करायची ती वेळ नव्हती.

नियम असा निघाला की फोडलेली दुसरी अठ्ठी एकटीच पडून राहते. पहिला हात पूर्ण खेळून झाला की मगच तिला दुसरं पान. नाहीतर गिऱ्हाइकाला पुढचं दिसतं आणि त्या हिशेबाने तो पहिला हात खेळतो. साहेबाला पोराची बोटं आवडली होती, एवढंच नशीब. तो दार्जिलिंगला हवा खायला चालला होता. उतरला की पुन्हा बघतो म्हणाला.

मी प्रोग्रॅम दुरुस्त केला. दुरुस्तीविषयी मला तेव्हा फार आदर होता. नवीन तक्ते मेहुण्याने बराच वेळ पाहिले.

“जामाईबाबू, ही अठ्ठी इथेच राहिली.”

राहिली होती खरी. पहिला हात संपला की डावच संपला, असं माझं मशीन धरून चाललं होतं. पत्ते वाटणारा स्वतःची पानं उघडत होता, पैसे चुकते करत होता, आणि प्रत्येक फोडीत दुसरी अठ्ठी एकटीच कागदाच्या कडेला बसलेली.

सासूबाईंनी चष्मा लावून कागद पाहिला. “उपाशीच ठेवलीत की हो बिचारीला.”

तिसऱ्या दुरुस्तीची वेळच आली नाही. ऑफिसची वीज जाऊ लागली. ती आली की आधी मशीनची खोली गार व्हायची वाट बघायची, मग तुंबलेली कामं. माझ्या जुगाराला कोण विचारतो? मी रिकाम्या हातांनी बागबाजारला गेलो आणि खरं ते सांगितलं.

“राहू दे तुमचं यंत्र,” सासूबाई म्हणाल्या. “मी खेळते.”

त्यांनी चिंचोक्यांचा डबा काढला आणि मुलासमोर गिऱ्हाईक होऊन बसल्या. मला शेजारी बसवलं, हरायला. त्या सगळंच फोडायच्या, दश्शासुद्धा, अगदी निर्दयपणे.

“आई, दश्शा फोडत नाहीत गं.”

“गिऱ्हाईक मी आहे. तू वाट.”

पोराच्या हाताला माझी पंगत लागली होती. पहिलं पान पडलं की दुसरं आपोआप निघायचं, आणि सासूबाई त्याच्या मनगटावर चिंचोका मारायच्या. “पहिल्याचं जेवण झालं का?” मग त्याच स्वतःशी पुटपुटायच्या, “काय मेली रीत. एकाने ढेकर द्यायचा आणि दुसऱ्याने बघत बसायचं.” मी शेजारी डुलक्या घ्यायचो. मधेच गल्लीत गाडीचा आवाज येई, त्यांचा हात तसाच थांबे. गाडी पुढे गेली की म्हणायच्या, “फोड.”

हळूहळू चिंचोके मारायचे कमी झाले, मग थांबले. साहेब दार्जिलिंगहून उतरला. या वेळी मी रजा काढली नाही. मेहुण्याने ऑफिसात फोन केला. “जामाईबाबू, साहेबानेच अठ्ठ्या फोडल्या. मी थांबलो.” एवढंच बोलला. पुढच्याच आठवड्यात निघायचं होतं.

हावड्याला त्याला गाडीत बसवून आम्ही तिघं बागबाजारला परतलो. सासूबाईंनी सकाळीच करून ठेवलेला स्वयंपाक गरम केला आणि ताटं मांडली. सवयीने चार मांडली. मग चौथं उचललं, इकडेतिकडे बघितलं आणि भिंतीशी पालथं घालून ठेवलं.

त्या घरात पहिलं वाढणं नेहमी जावयाचं. मी हात धुऊन बसलो. त्यांनी बायकोच्या ताटात भात वाढला, वरण, तूप, भाजी. माझ्या ताटात मीठ आणि लिंबू होतं. मी थांबलो. त्यांनी बायकोला दुसरा भात वाढला.

“आई, अगं, ह्यांचं?”

“त्यांचा हात अजून यायचाय,” सासूबाई म्हणाल्या. “तू आटप सावकाश.”

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खरोखरच सावकाश ताकभात कालवायला घेतला. सासूबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. हसत होत्या की काय ते मी नीट पाहिलं नाही. मला कडकडून भूक लागली होती, पण मी गुपचूप बसून राहिलो.